एक्केचाळीस मिनिटांचं इंधन

धाकट्या बेटावर एका बाईला सगळ्या गावाची वजनं पाठ होती. विमानतळावर वजनकाट्याशी एकोणीस वर्षं बसल्यामुळे तिला सगळे काटेबाई म्हणत. कोण लग्नानंतर सुटलं, कोण आजारातून उठल्यावर भरलं, कोण खिशात दगड असल्यासारखं जड आणि कोण नुसतंच तोंडाने जड, हे सगळं त्यांना ठाऊक असे. पण त्यांनी त्याबद्दल कुणाजवळ ब्र काढला नाही. त्यामुळे भल्याभल्या बायका त्यांच्यापुढे निमूटपणे काट्यावर चढत आणि नजर छताकडे लावून उभ्या राहत.

विमानतळ म्हणायचं ते आपलं कौतुकाने. एक धावपट्टी, पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांबट खोली, तिच्या टोकाला साहेबांची काचेची केबिन आणि दोनशे पावलांवर तीन मजली मनोरा. दिवसातून एकदा नऊ माणसांचं छोटं विमान इथून मोठ्या बेटावर जाई आणि संध्याकाळच्या आत परत येई. विमान एवढं लहान, की पूर्ण टाकी भरली तर माणसं उतरवावी लागत आणि माणसं भरली तर टाकी मोजून भरावी लागे. ते मोजणं काटेबाईंचं काम. माणसं आणि सामान यांची बेरीज करायची, प्रवासाला लागणारी मिनिटं मांडायची, वर अर्ध्या तासाचं राखीव इंधन धरायचं आणि चिठ्ठी लिहायची. एक प्रत इंधन भरणाऱ्या टाकीवाल्याला, दुसरी कॅप्टनला, तिसरी आपल्याजवळ. कॅप्टन ती न वाचताच सही करत. एकोणीस वर्षांत वाचायची वेळच आली नव्हती. विमानाच्या एका टाकीचा काटा तर कायम निम्म्यावर अडकलेला असे, त्यामुळे काट्यापेक्षा काटेबाईंवर जास्त भरवसा, असा विनोदही कॅप्टनने करून झाला होता.

या बेटावर अंतर कुणी मैलांत सांगत नसे. मोठं बेट म्हणजे एक्केचाळीस मिनिटं. लहान पोरांनाही तेवढंच माहीत. पण दोन महिन्यांपूर्वी मोठ्या बेटावरचा जुना विमानतळ बंद झाला. धावपट्टी खणून तिथे खड्डे पाडले, आणि बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला नवा विमानतळ सुरू झाला. अठ्ठ्याऐंशी सागरी मैलांचे एकशे सतरा झाले. एक्केचाळीस मिनिटांची पंचावन्न झाली. काटेबाईंनी तो आकडा कागदावर ठळक लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला होता. रोज त्या कागदाकडे बघायच्या आणि मगच लिहायच्या, कारण हाताला अजून जुनीच सवय होती.

त्या दिवशी मात्र बघायचं राहिलं.

त्याला कारण त्यांची लेक. घरात दोघीच. लेकीने मोठ्या बेटावरच्या रुग्णालयात नोकरी धरली होती आणि ती आईला निघायच्या शेवटच्या आठवड्यात सांगितली. त्यावरून काटेबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "मला एकटीला टाकून जायचं तर खुशाल जा, पण मग मागे वळून बघू नकोस," असं नको ते बोलून बसल्या. लेक उलट बोलली नाही. तिने बोलणंच बंद केलं. चार दिवस ती सकाळी लवकर बाहेर पडायची, उशिरा यायची आणि "जेवून आले" म्हणून खोलीचं दार लावून घ्यायची. काटेबाईंनाही हट्ट. त्यांनीही दार वाजवलं नाही.

त्या सकाळी लेक इतर प्रवाशांसारखी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तशी ती बॅग बाजूला ठेवून काट्यावर चढली. इतरांसारखं छताकडे न बघता तिने सरळ आईकडे बघितलं. काटा सेहेचाळीसवर थांबला. काटेबाईंनी काट्यावर टिचकी मारून पाहिली. तो सेहेचाळीसच दाखवत होता. महिन्यापूर्वी ही पोरगी पन्नास किलोची होती.

'जेवून आले' म्हणत होती ती, आणि खात काय होती?

"काय झालं? जास्त भरतेय का?" लेकीने विचारलं. चार दिवसांत 'जेवून आले'खेरीज तिचं हे पहिलं वाक्य.

"नाही," काटेबाई म्हणाल्या, "उतर." बोलायचं पुष्कळ होतं, पण वजन झालेली बाकीची आठ माणसं ताटकळली होती. पुढच्या डिकीत सामान जास्त झालं होतं, म्हणून कॅप्टनशेजारच्या जागेवर सगळ्यांत हलकं माणूस बसवायला हवं होतं. त्यांनी लेकीच्या तिकिटावर पुढची जागा लिहिली. मग चिठ्ठी ओढली, खाली मान घालून डोळे पुसले, बेरीज केली, मिनिटं मांडली आणि चिठ्ठीच्या दोन्ही प्रती पुढे सरकवल्या. काचेखालच्या कागदावर त्या वेळी कुणाचा तरी छत्रीचा दांडा आणि पिशवी होती. त्यांनी ती उचलायला सांगितली नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी विमान उडालं, आणि लेकीने खिडकीतून हात केला की नाही, हे त्यांना दिसलं नाही.

दहा एकतीसला टाकीवाला हात पुसत आत आला. बोलायला मोकळा माणूस, घरच्यासारखा.

"ताई, आज विमानाला उपास घडवलात की काय?" तो हसत म्हणाला आणि त्याने भरलेल्या लिटरांची पावती सहीसाठी पुढे केली. "मला वाटलं, पोरगी जातेय म्हणून चार लिटर प्रेमाने जास्तच लिहाल."

काटेबाई पण हसल्या. सही करायला पेन टेकवलं आणि आकड्याकडे पाहिलं. मग चिठ्ठीची आपली नक्कल काढली. मिनिटांच्या रकान्यात त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: एक्केचाळीस.

एक्केचाळीस अधिक राखीव तीस, म्हणजे एकाहत्तर मिनिटं. विमान जातंय पंचावन्न मिनिटांवर. आणि आज वारा समोरून आहे, म्हणजे पासष्ट, कदाचित सदुसष्ट. शिवाय सकाळीच पलीकडून निरोप आला होता की तिथे धुकं आहे, उतरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं आकाशात घिरट्या घालाव्या लागतील. जुन्या धावपट्टीवर उतरावं म्हटलं तर तिथे खड्डे. खाली सगळा समुद्र.

हे सगळं त्यांनी बोटं न मोजता केलं. एकोणीस वर्षं दुसरं काय केलं होतं! आज पहिल्यांदाच त्या हिशोबाच्या शेवटी त्यांची स्वतःची मुलगी होती, आणि तिच्याबरोबर आठ जण आणि कॅप्टन.

त्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार वाजवलं नाही.

"इंधन कमी गेलंय. माझ्या हातून जुना आकडा पडला. त्यांना परत बोलवा."

साहेब वाईट माणूस नव्हता. घाबरट होता. त्याने चिठ्ठी उलटसुलट बघितली, चष्मा काढला, परत घातला. "पण राखीव असतं ना अर्ध्या तासाचं? म्हणजे पोचतील."

"धुकं आहे तिथे. वारा समोरून आहे. पोचले तर पोचले, असं आहे ते."

"थांबा, आधी मुख्य कार्यालयाला फोन लावतो. उगाच परत बोलावलं तर उद्या मलाच विचारतील. तुमची नोकरी जाईल ती वेगळीच." त्याने फोन उचलला. पलीकडे गाणं वाजायला लागलं, प्रतीक्षा करा म्हणून.

काटेबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा चौतीस. आता वेगळीच एक वेळ संपत आली होती. दोन बेटांच्या मधल्या समुद्रावर एक पट्टा होता. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांनी विमान त्यात शिरे, आणि पुढची वीस मिनिटं ना इकडच्या मनोऱ्याचा आवाज त्याला पोचे, ना तिकडच्या. वैमानिक त्याला मुका पट्टा म्हणत. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे. कॅप्टन तर म्हणायचे, दिवसातली तेवढीच वीस मिनिटं मला शांतता मिळते.

"साहेब, दहा चाळीसला ते मुक्या पट्ट्यात जातील."

"हो हो, लागेलच फोन—"

काटेबाईंनी पुढचं ऐकलं नाही. चोपन्न वर्षांच्या, गुडघेदुखीच्या त्या बाई धावपट्टीच्या कडेने पळत सुटल्या. एक चप्पल वाटेत निघाली, ती तिथेच राहिली. मनोऱ्याचे जिने चढताना त्यांना वाटलं की इथेच आपला जीव जाणार आणि निरोप आपल्याबरोबरच जाणार. कठड्याला धरून, ओढत, त्या वर पोचल्या.

मनोऱ्यातले काका रेडिओपुढे डबा उघडून बसले होते. त्यांच्याकडे बघताच काकांनी घास खाली ठेवला.

"काय झालं?"

दोन वाक्यांत सांगितलं. काकांनी डबा बाजूला सारला आणि बटण दाबून विमानाला हाक मारली. उत्तरादाखल नुसती खरखर. पुन्हा हाक मारली. खरखर. दहा एकोणचाळीस झाले होते.

"आज आधीच पट्टा लागला की काय," काका पुटपुटले. मग त्यांनी माइक काटेबाईंच्या हातात दिला. "तुम्ही सांगा. आकडे तुमचे आहेत, मी अडखळेन. ऐकू येत असेल तर नीट तरी कळेल."

मनोऱ्याच्या माणसाशिवाय कुणी रेडिओवर बोलायचं नाही, असा नियम होता. काटेबाईंनी एकोणीस वर्षांत तो माइक हातात धरला नव्हता. त्यांनी बटण दाबलं आणि बोलायला लागल्या. इंधन कमी आहे. एकाहत्तर मिनिटांचंच आहे. पुढे जाऊ नका. परत फिरा. माझी चूक झाली. परत फिरा. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू येईना. बोलणं संपलं की बटण सोडून त्या ऐकायच्या. खरखर. पुन्हा बोलायच्या. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा नुसतंच "परत फिरा, परत फिरा" एवढंच बाहेर पडलं. दहा बेचाळीसला काकांनी त्यांच्या हातातून माइक हळूच काढून घेतला.

"आता तो पलीकडे गेला."

"ऐकलं असेल?"

काकांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना जमलं नाही. "ऐकलं असेल आणि लगेच वळला असेल, तर दोन-तीन मिनिटांत त्याचा आवाज येईल. पट्ट्याच्या कडेवरच असेल तो."

दोघं त्या लहानशा कर्ण्याकडे बघत बसले. दोन मिनिटं झाली. तीन झाली. काकांनी तिकडच्या मनोऱ्याला फोन लावून इंधनाचं सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, आमच्याकडे अजून दाट आहे, आला तर आधी उतरवतो, पण पट्टी दिसली पाहिजे ना. काकांनी फोन ठेवला आणि जे ऐकलं ते तसंच सांगितलं.

पाच मिनिटं झाली. काटेबाईंचा जीव टांगणीला लागला होता. ऐकलं असतं तर एव्हाना आवाज यायला हवा होता. म्हणजे ऐकलं नाही. म्हणजे विमान पुढे चाललंय, आणि कॅप्टन आपल्या आवडत्या शांततेत निवांत बसलेत, आणि शेजारी सेहेचाळीस किलोची पोरगी समोर ढगांकडे बघत बसलीय. मागे वळून बघू नकोस, असं आपणच तिला म्हटलं होतं. त्यांना ते शब्द आता ओकून टाकावेसे वाटत होते. त्यांनी खिडकीची चौकट इतकी घट्ट धरली होती, की काकांनी "बसा" म्हटलं तरी बोटं सुटेनात.

आठ मिनिटं झाली. साहेब धापा टाकत वर आला. मुख्य कार्यालयाचा फोन लागला होता, त्यांनी विमान परत बोलवायला सांगितलं होतं. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. तो कोपऱ्यात उभा राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मी तीन मिनिटं घालवली ना?"

दहा मिनिटं. काटेबाई मनातल्या मनात टाकी रिकामी करत होत्या. एकतीस गेली, चाळीस उरली. बत्तीस गेली, एकोणचाळीस उरली. त्यांना थांबता येत नव्हतं. थांबलं तर विमान थांबेल, असं काहीतरी वेड त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. तेहेतीस गेली.

दहा चोपन्नला कर्ण्यात खरखर वाढली आणि तिच्यातून कॅप्टनचा आवाज आला. "...मनोरा, ऐकताय का? परत येतोय आम्ही. झालंय काय?"

काकांनी माइकवर झडप घातली. "इंधन कमी आहे! घिरट्या नकोत, सरळ या. पट्टी मोकळी आहे."

"कमी? बरं. येतो."

काटेबाईंची बोटं चौकटीवरून सुटली. वारा पाठीवर घेऊन विमान अजून तेरा मिनिटांनी येणार होतं, आणि ती तेरा मिनिटंही त्यांनी सोडली नाहीत. एकेक करून सगळी मोजली. अकरा वाजून सात मिनिटांनी चाकं पट्टीला टेकली तेव्हा कुठे त्या जिना उतरायला लागल्या.

खाली तोवर गोंधळ माजला होता. इंधन कमी होतं, एवढं काकांच्या तोंडून सगळ्या विमानाने ऐकलं होतं. प्रवासी उतरले ते सरळ टाकीवाल्याकडे गेले. एका धिप्पाड गृहस्थाने त्याची गचांडी धरली होती. "आमचा जीव घेणार होतास का रे? नळी धरताना झोपला होतास?" टाकीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच्या हातात ती पावती होती, पण कुणी ती बघायला तयार नव्हतं. साहेब दोन पावलांवर उभा होता. त्याने एकदा काटेबाईंकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. राहू दे, आत्ता नको, नंतर बघू.

तेवढ्यात लेक धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "आई! तू होतीस ना रेडिओवर? तूच होतीस."

काटेबाईंना वाटलं, हे असंच राहावं. एक मिनिट, दोन मिनिटं. लेक गळ्यात आहे, जिवंत आहे, चार दिवसांनी बोलतेय. पण तिच्या खांद्यावरून टाकीवाल्याचा पांढराफटक चेहरा दिसत होता, आणि भीती पुन्हा उसळली. ही वेगळी भीती होती. समुद्राची भीती छत्तीस मिनिटांत संपली होती. ही बोलून टाकल्याखेरीज संपणारी नव्हती, आणि बोलल्यावरही संपेल असं वाटत नव्हतं.

"सोडा त्याला," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी लिहिलं तेवढंच त्याने भरलं. आकडा माझा चुकला. चिठ्ठी माझी आहे."

गचांडी सुटली. सगळे त्यांच्याकडे वळले. गळ्यातले लेकीचे हात ढिले झाले आणि हळूहळू खाली आले. ती एक पाऊल मागे सरकली. काटेबाईंनी तिला धरायचा प्रयत्न केला नाही. कुणीतरी मागून एक शिवी हासडली, ती त्यांनी ऐकून घेतली.

"म्हणजे तू..." लेक म्हणाली आणि थांबली.

"हो. मीच."

कॅप्टन विमानापाशी उभे राहून हे ऐकत होते. ते पुढे आले. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. "सही माझी आहे," ते म्हणाले. "न वाचता केलेली. तेव्हा शिव्या वाटून घेऊ." मग ते काटेबाईंकडे वळले. "पण बाई, तुमचा निरोप मला मिळाला नव्हता. एक शब्द नाही. नुसती खरखर येत होती. मी पुढेच चाललो होतो. ही तुमची मुलगी ऐकेना. सात-आठ मिनिटं डोकं खाल्लं माझं. शेवटी वैतागून वळलो."

काटेबाईंनी लेकीकडे पाहिलं. "तुला ऐकू आलं?"

"नाही," लेक म्हणाली. ती आईच्या एका अनवाणी पायाकडे बघत होती. "शब्द मलाही नाही कळला. पण आवाज तुझा होता, एवढं कळलं. आणि तो कसा होता ते कळलं. बाबा गेले तेव्हा तू मला शाळेत फोन केला होतास ना, तसा होता. मी कॅप्टनना म्हटलं, माझी आई असं आयुष्यात एकदाच बोललीय, आता काहीतरी भयंकर होणार आहे, तुम्ही वळा."

काटेबाईंनी तोंडावर पदर धरला.

लेक जवळ आली नाही, लांबही गेली नाही. लोक पांगायला लागले, साहेब कागद आणायला आत गेला. मग ती म्हणाली, "मी उद्या जाणारच आहे, आई."

"जा," काटेबाई म्हणाल्या.

"चिठ्ठी दुसरं कुणीतरी लिहील."

"हो. दुसरं कुणीतरी लिहील."

"पण मनोऱ्यात तू बस," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मी उतरेपर्यंत बस. मला भीती वाटते."